खालनं वर सहा ओळी

सोमवार, ९ फेब्रु.
शुद्धलेखन चुकंल, माफी. नववीतनं शाळा सोडलीया, आणि मोबाईलवर एकेक अक्षर हुडकाय माझ्या बोटाला लई टाइम लागतोय. पुण्याच्या वहिनी म्हणल्या, "सुमे, सासूबाई दिवसभर काय बोलत्यात ते लिहून ठेव, डॉक्टरला दाखवू." ते वहीत लिहितो. हे माझं मला.

बाई, म्हंजे वहिनींच्या सासूबाई, त्यास्नी सांभाळाय मी हितं ऱ्हातो, फ्रेंच शिकवायच्या, ह्याच हॉलमधी बाकडी टाकून. दिवाळीत झटका आला. उजवी बाजू गेली, मराठी बी गेलं. ऱ्हायल्या एका क्रियापदाच्या सहा ओळी. कपाटातल्या जुन्या वहीत त्यांच्याच अक्षरात शेजारी मराठी हाय. झोरे फेर्मे, मी बंद केलेलं असेल. त्यू ओरा फेर्मे, तू बंद केलेलं असशील. असं खालपर्यंत. म्हंजे अजून झालं न्हाय, पण तवर होऊन गेलेलं असणार.

डॉक्टर म्हणलेत, दुसरा झटका आला तर काय खरं न्हाय.

आज चहानंतर खिडकीतनं समोरच्या टेलरिंगवाल्या दोघी बहिणींकडं बोट केलं. "एल झोरों फेर्मे." त्यांनी बंद केलेलं असेल. सगळ्यात खालची ओळ.

मंगळवार, १०
टेलरिंगचं शटर खाली. बोर्ड बी काढलाय. स्वयंपाकाच्या मावशी म्हणल्या, "गेल्या की भावाकडं. सांगून न्हाई, सवरून न्हाई."
व्यायाम घ्यायला सर आल्ते. बाई त्यास्नी, "वू झोरे फेर्मे." तुम्ही बंद केलेलं असेल. सर हसले. "गुड, आजी, गुड!"

बुधवार, ११
सरांचा मेसेज. सांगलीत नोकरी लागली, उद्यापासनं येत न्हाय.
योगायोग असंल. वहीत लिहिलं न्हाय.
चहानंतर बाईंनी माझा हात धरला. "नू झोरों फेर्मे." आपण. खालनं वर चालल्यात. रोज एक.

गुरुवार, १२
वारं सुटलं म्हणून मागचं दार मी ढकललं. बाईंनी बी खुर्चीतनं डाव्या हातानं जोर लावला. आता उघडंना. सुतार आला, खांदा लावला. "भाईरनं कोण धरलंय काय गं?" म्हणून हसला. परत एकदा खांदा लावला. मग हसला न्हाय. उद्या येतो म्हणून गेला.
आज मावशींचा नंबर. "एल ओरा फेर्मे." तिनं बंद केलेलं असेल.
मी अर्थ सांगितला तर मावशी कमरेवर हात ठेवून, "मी काय बंद करणार? तोंड? माझ्या नवऱ्याला तीस वर्षांत जमलं न्हाई ते!"

शुक्रवार, १३
मावशी आल्या. तोंड उघडत्यात, आवाज न्हाय. ताप न्हाय, खोकला न्हाय. भाकरी किती टाकू ते बोटांनी इचारलं. घर एवढं गप मी कधी बघितलं न्हाय. भाकरी थापायचा तेवढा आवाज.
बाई माझ्याकडं बघत बसलेल्या. चहाची सुदीक वाट बघितली न्हाय. "त्यू ओरा फेर्मे." तू.

शनिवार, १४
सकाळधरनं कशालाच हात लावला न्हाय. नळ बी मावशींस्नी बंद कराय लावला. चारला बाईंची शाल काढली आणि सवयीनं कपाटाचं दार लोटलं. फटीत पाल होती. माझ्याच हातानं. शेपूट खाली पडून हलत होतं. बाई बघत होत्या.
मग डावा हात छातीवर ठेवला. "झो... झो..." पुढं येईना. ओठ नुसते हलत होते.
म्हंजे 'मी'ची ओळ. बाई काय बंद करणार? आता त्यांच्याजवळ काय हाय बंद करण्यासारखं?
वहिनींना फोन केला. "अगं, डोक्यात काय घेऊ नकोस. गोळ्या दिल्यास का?"
दिल्या.

रविवार, १५
बाईंची जुनी वही परत चाळली. मागच्या पानावर क्लासचे नियम. त्यातला एक, जी अडली तिची ओळ शेजारणीनं उभं राहून म्हणावी. ती झाली असं समजावं.
मी शाळा सोडली ती ह्याच्यापायीच. उभारलं की घसा बसायचा, पोरी हसायच्या. सर म्हणायचे, मुकी हाय काय ही?
चहानंतर बाईंचा हात परत छातीवर. "झो... झोरे..." आता येणारच होतं.
मी उभारलो. हॉलभर ऐकू जाईल असं म्हटलं, "झोरे फेर्मे!"
मावशींच्या हातातली कपबशी पडली.
बाईंनी हात खाली घेतला. लई वेळ बघितलं. मग अर्ध्या तोंडानं हसल्या आणि चक्क मराठीत, स्वच्छ, म्हणल्या, "छान. बस खाली."
दिवाळीपासनं पहिल्यांदा मराठी. मी बसलो.
ओळ त्यांची झाली का माझी, ते इचारायचं ऱ्हायलं.

सोमवार, १६
बाईंनी दोन पोळ्या खाल्ल्या. वहिनी फोनवर रडल्या, "सुमे, तू जादू केलीस गं!" मावशींचा आवाज अजून न्हाय.
ओळ माझी झाली असंल तर, म्हणून मी सकाळधरनं काय बी बंद केलेलं न्हाय. खिडक्या, डबं, पेनाचं टोपण, सगळं उघडं. मावशी डोक्याजवळ बोट फिरवून, येडी झालीस का, असं करत्यात. डोळं मिटाय बी नको वाटतंय. लई आग होतीया.
बाई सारख्या हाक मारत्यात. "इकडं ये. माझ्या शेजारी बस."

आत्ताच गावाकडनं, नेसरीसनं, आईचा फोन आल्ता. म्हशीला जुळी रेडकं झाली, दोन्ही रेड्या.