ड्रायर बंद, गच्ची उघडी

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, आमचा पर्यावरणवाला गट जिंकला! ज्या हॉटेल कंपनीच्या मागे वर्षभर हात धुऊन लागलो होतो, तिने अखेर मान तुकवली. आता प्रत्येक खोलीत आमचं कार्ड: ‘पृथ्वीसाठी चादर-टॉवेल रोज बदलून मागू नका.’ तुझ्या हॉटेलातसुद्धा! पाणी वाचेल, गॅस वाचेल, शिवाय तळघरातल्या लाँड्रीत तुझं काम हलकं होईल, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झालाय. आईला सांगितलं तर म्हणाली, आधी स्वतःच्या पलंगावरची चादर बदल, महिना झाला. तीही पृथ्वीसाठीच ठेवलीय, असं मी ऐकवलं.

कौतुक करताना हात आखडता घेऊ नकोस.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कार्डही पोचलं. काम इतकं हलकं झालं की महिनाअखेरीला आमच्यातल्या निम्म्या बायका घरी. मुकादमाने भिंतीवर नावं लावलीत, त्यात माझंही आहे. आता कर म्हणे कौतुक!

रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. गॅस वाचवायचा होता तर आमच्या तळघरात यायचं होतंस. बाहेर भाजून काढणारं ऊन, वर गच्ची रिकामी, आणि खाली ड्रायर दिवसभर गॅस पितायत. चादरी दोरीवर घालायच्या-काढायच्या तर माणसं लागतात, आणि मालकाला माणसांपेक्षा गॅस स्वस्त पडतो, म्हणून गच्चीला कुलूप. आमची इस्त्रीवाली म्हणाली, तुझ्या भाचीला सांग, आम्हीही पृथ्वीवरच राहतो. मी म्हटलं, पोरगी वाईट नाही, नुसती घायकुती आहे.

वेळेवर जेवत जा. राग आहे, पण माया आटलेली नाही.

तुझी मावशी

१५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून ढसाढसा रडले. मग पुन्हा वाचलं आणि ताडकन उठून बसले. अगं, रागाच्या भरात तू अख्खी योजनाच लिहून पाठवलीस! ड्रायर बंद, गच्ची उघडी: गॅसही वाचतो आणि सगळ्यांचं कामही. कंपनीचा मालक तुझ्याच हॉटेलात बसतो, पण त्याला हात जोडून काही मिळायचं नाही. कंपनीच्या सगळ्या हॉटेलांत एकाच दिवशी ड्रायर बंद पडले, तरच तो ऐकेल. कोरड्या चादरींशिवाय खोल्या कशा देईल? बाकीच्या लाँड्र्यांतल्या बायकांना भेटायला आम्ही निघतोय. तुझ्याकडच्या तयार होतील? आम्ही फाटकावर जोरदार घोषणा देऊ.

दोन ओळी तरी लगेच धाड, जीव टांगणीला लागलाय.

भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी तयार नव्हत्या. ज्यांची नावं भिंतीवर नाहीत त्या म्हणाल्या, आमचं कशाला घालवता? तेव्हा इस्त्रीवालीने (भिंतीवर नाव तिचंही नाही) दोऱ्यांची भेंडोळी टेबलावर आपटली आणि विचारलं, पुढच्या वेळी आपण नसू असं कुणी सांगितलंय? एकेक करून सगळ्या गाठी मारायला बसल्या. तारीख ठरव.

घोषणा देऊन घरी जाणार असाल तर येऊ नका. ओली चादर झटकून सरळ वाळत घालायला शिका आणि मग या.

धास्तावलेली, तरीही तुझीच,
मावशी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ठरल्या दिवशी तू दुसऱ्या हॉटेलच्या लाँड्रीत होतीस, म्हणून इकडचं सांगते. ड्रायर बंद केले, टोपल्या घेऊन जिना चढलो, तर मुकादम किल्ली देईना. मग तुझ्या मैत्रिणींनी आणि आम्ही दर्शनी कठड्यावर, बागेत, जागा मिळेल तिथे चादरी घातल्या. पाहुणे आपल्या बाल्कनीत बोलवायला लागले! एक म्हातारे गृहस्थ झोपायच्या कपड्यांतच खाली येऊन चादरीचं टोक धरून उभे राहिले. तेवढ्यात मालक धावत आला, तर त्यालाच म्हणाले, बघताय काय, दुसरं टोक धरा. त्याने धरलं गं! मी इतकी हसले की तोंडातला चिमटा खाली पडला.

बाकीच्या हॉटेलांतून त्याला फोनवर फोन आले आणि दुपारी गच्चीचं कुलूप निघालं. भिंतीवरची नावंही निघाली. ड्रायर आता फक्त पावसात. एकही बाई घरी बसली नाही.

परवाच खोल्यांत मालकाचं नवं कार्ड आलं: ‘आमच्या चादरी उन्हात वाळतात.’ बघ, श्रेय लाटायला किती तत्पर! खोल्या आवरणाऱ्या मुलींनी प्रत्येक कार्डाखाली पेनाने लिहिलं: ‘कुणामुळे, ते गच्चीवर येऊन विचारा.’ आता रोज कुणी ना कुणी येतं, आणि आम्ही त्याच्या हातात चादरीचं एक टोक देतो.

ताईला नमस्कार सांग. राग गेला, माया होती तेवढीच आहे. आता तुझी ती पृथ्वीसाठी ठेवलेली चादर घेऊन ये. गच्चीवर तुझ्यासाठी एक दोरी राखून ठेवलीय. धुवायची मात्र तू.

तुझी मावशी