कुंदाच्या नावापुढे

५ ऑगस्ट २००८, मंगळवार. वरसे
पेणहून दुपारी परत. कुंदाच्या गणपतीच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. चतुर्थीला महिनाही उरला नाही. बाईसाहेब डोळ्यांच्या आखणीला बसलेल्या, सकाळपासून पोटात नुसता चहा. साखर तपासली, रागावले. "सिस्टर, ओरडू नको गो, हात हालतो माझा." रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी तिच्यासाठी मी सिस्टरच. श्रावणी सोमवार काही सोडणार नाही म्हणते. गोळी कधी पूर्ण, कधी अर्धी, सगळं वहीत लिहून वही तिच्या सुनेच्या, वृषालीच्या हातात दिली आणि गाडी पकडली.

संध्याकाळी. मंगळवारच्या प्रार्थनेला बायका जमल्या. पिशवीतून वही काढली तर ती साखरेची.
अगं बाई गं! दोन्ही वह्यांना एकाच कॅलेंडरचं कव्हर. प्रार्थनेची वही पेणला. वृषालीच्या हातात.

६ ऑगस्ट, बुधवार
रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तीन वेळा फोन केला. वृषालीच उचलते. "सासूबाय कामात हायत." कुंदा कामात असली तरी फोन खांद्यात धरून बोलते, हे मला माहीत नाही होय.

त्या वहीत आमच्या ओळखीतले जे प्रभूला मानत नाहीत त्यांची नावं. तिसरं नाव कुंदाचं. बावीस वर्षं. सरकारी दवाखान्यात बदलून आले, तिच्या कारखान्यामागची खोली भाड्याने घेतली, त्याच महिन्यात लिहिलं. 'कुंदा. प्रभो, तिचे डोळे उघड. मूर्तींपासून सोडव.' ज्या घराची चूल मूर्तींवर पेटते त्या घराबद्दल!
नर्सची सवय, तारीख घालून सगळं लिहायचं. तिचा नवरा गेला त्या आठवड्यातलंही आहे. 'या दुःखातून तिला तुझ्याकडे आण.'
ते तिने वाचलं असेल तर

८ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळच्या गाडीने पेण. कुंदा ब्रश घेऊन बसलेली. वर पाहिलं नाही.
"बस. पाय आवरून, मूर्ती ओल्या हायत."
"वाचलंस?"
"साखर लिवायला उघडली." ब्रश खाली ठेवला. "मालक गेले तवा माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. मी रडत होते, आणि तुझ्या मनात हे?"
म्हटलं, तुझं चांगलंच चिंतलं गं.
"माझ्यात वाईट काय होतं सिस्टर?"
वही मागायची हिंमत झाली नाही, तिनेही दिली नाही. चहा विचारला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून चहाशिवाय उठले.

१० ऑगस्ट, रविवार
चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकांना सांगितलं. मला वाटलं, हळहळतील. तर चेहरा उजळला! "सिस्टर, बीज पडलं! हीच वेळ आहे. जा, तिला प्रभूची साक्ष द्या." माणूस वाईट नाही, कोणाच्या आजारपणात सगळ्यांत आधी धावतो. पण बीज? माझी मैत्रीण रडत असेल तिथे, आणि यांना पीक दिसतंय. तसं पाहिलं तर मीही तेच केलं होतं. तारीख घालून.

संदेश शिफ्टवरून आला, त्याला सांगितलं. जेवता जेवता म्हणाला, "आई, तिने तुझ्यासाठी असं मागितलं असतं तर?" ताटावरून उठावंसं वाटलं. लेकरू असून बोलतं कसं बघा.
पण मी काय करू? मला जे मिळालं ते खरं वाटतं मला. चांगला डॉक्टर सापडला तर तिला सांगणार नाही का? आणि लगेच दुसरं मन म्हणतं, बये, आजारी कोण आहे? ती आजारी नाही म्हणावं, तर इतकी वर्षं मी

१२ ऑगस्ट, मंगळवार
प्रार्थना. नावं पाठ आहेत. दोन घेतली, तिसऱ्याला जीभ उचलेना. बायका डोळे मिटून थांबलेल्या. चौथं घेतलं.
साखरेची वही अजून माझ्याच पिशवीत. पेणला नेली होती, द्यायची विसरले. वृषालीला फोनवर सांगायला हवं. उद्या करते.

१८ ऑगस्ट, सोमवार
सकाळी अकराला वृषालीचा फोन, "सासूबाय पडल्या, घामानं भिजल्यात, बोलत नायत." पहिलाच प्रश्न विचारला, गोळी? "पूर्ण घेतली." उपास! 'उपासाला अर्धीच' हे लिहिलेली वही माझ्याकडे. आणि लाजेपायी सहा दिवस मी फोन केला नाही. मी, नर्स! फोनवरूनच ओरडले, साखरपाणी पाज, घोट घोट, मग डॉक्टरला बोलव. संदेशने मोटरसायकल काढली. नागोठणे येईपर्यंत नुसतं 'प्रभो, प्रभो'. त्यात तिच्या आत्म्याच्या तारणाचा शब्द नव्हता. जगव एवढंच.

पोचले तर डॉक्टर येऊन गेलेले, ही उशीला टेकून बसलेली. मला बघून म्हणाली, "उपास मोडला गो तुझ्यापायी." मी रडले. कोणासमोर रडत नाही मी.
मग तिने गादीखालून वही काढली. "ह्ये काय गो? दर गणपतीला लिवलंय, 'क्षमा कर, मोदक खाल्ले.'"
काय सांगणार? मूर्तीपुढे ठेवलेलं आम्ही खात नाही. पण कुंदाने पुढे केलेलं ताट नाकारायचं कसं? म्हणून दर वर्षी खायचे आणि घरी येऊन माफी मागायची.
ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी. "येडी हायस काय तू? तुझे मोदक कधी नैवेद्याचे नव्हतेच. वाफेवरून उतरले की पाच आधीच बाजूला काढते. तुझ्या देवाला चालत नाय ना, म्हणून. सासूनं त्यावरून काय तोंड सोडलं होतं. नैवेद्याआधी घास काढते, घर बुडवणार म्हणून."
बावीस वर्षं. गणपतीच्या घरात, गणपतीच्या आधी माझं ताट. आणि मी तिच्या दारातून निघून प्रभूकडे तिची तक्रार करत होते. लाज वाटते हे लिहायला, तरी लिहिते.

म्हणाली, "बावीस वर्ष त्याला सांगितलंस. मला एकदा तरी इचारलंस?"
"विचारलं असतं तर?"
"नाय म्हटलं असतं. पण तोंडावर म्हटलं असतं. चाय पिऊन म्हटलं असतं."
निघताना वृषालीने चहा आणला. दोघींनी प्यायला. कुंदाचा बिनसाखरेचा.

१९ ऑगस्ट, मंगळवार
वही आज उघडली. कुंदाचं नाव तसंच आहे. त्यापुढचं सगळं तिने काळ्या रंगाने भरून टाकलंय, आखणीच्या बारीक ब्रशने, ओळीच्या बाहेर एक थेंब नाही. नवरा गेला तेव्हाचंही. मोदकांच्या ओळी मात्र ठेवल्यात. काल वही हातात देताना म्हणाली होती, "नाव राहू दे. पुढं काय मागायचं ते मला इचारून लिव."
बायकांनी विचारलं, तिसरं नाव? म्हटलं, 'कुंदा', आणि थांबले. पाळक काय म्हणतील ते म्हणोत.
पण या पानावर खोटं कशाला बोलू? तिने प्रभूकडे यावं, हे मला अजूनही हवंय. ती नसेल त्या स्वर्गात मी भांडू कोणाशी? हे तिला सांगायची छाती होईल का, माहीत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
उद्या चतुर्थी. संध्याकाळी कुंदाचा फोन, तिने स्वतः केलेला. मागे सगळी धांदल, कोणीतरी मखराची दोरी मागतंय. साखर विचारली, बरी आहे. सकाळच्या गाडीने ये म्हणाली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सिस्टर, तुझे पाच मोदक यंदा आधी काढू की नंतर? मी आपली इचारून करते."
म्हटलं, येऊन सांगते.
साडी काढून ठेवली. प्रार्थनेची वही पिशवीत घातली, दोनदा उघडून बघितली, तीच आहे. काय सांगणार आहे, अजून माहीत नाही.