आतून लावलेली कडी

२६ एप्रिल १९६८, देवपूर, धुळे

आज एकदाचा धुळ्याला येऊन पडलो. पडलोच म्हणायचं, कारण फैजपूरपासून एस.टी.नं कमरेचा पार भुगा केला. पण खोली झकास मिळाली. पांझरा नदीकडून वारा येतो, अंगणात कडुनिंब आहे, आणि घरमालकीण चंदनबाई बोलायला गोड. एकट्याच राहतात, मारवाडी, विधवा. मी शाळेत कवायतीचा मास्तर म्हणून आलोय हे ऐकून त्या माझ्या वाकड्या चालीकडे बघून हसल्या. हसणारच. कंबर धरून चालणारा ड्रिल मास्तर मी तरी कुठे पाहिला होता?

गेल्या खेपेला आलो तेव्हा इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे फोटो काढून सांगितलं, कमरेतला एक मणका पुढे सरकलाय. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पट्टा बांधायचा, फळीवर निजायचं. मालिश बंद. आणि कुठल्या पायाळूची लाथ खायला जाऊ नका, असंही बजावलं. आमच्याकडे कंबर धरली की पायांकडून जन्मलेल्या माणसाची लाथ घेतात. लहानपणी मीही घेतली आहे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा हेडमास्तरांसमोर ताठ उभा राहिलो तर नोकरी पक्की, नाहीतर परत केळीच्या बागेत पाणी भरायला. म्हणून सुट्टीतच येऊन राहिलो. महिनाभर पडून राहायचं आणि बरं व्हायचं, एवढंच काम.

२८ एप्रिल

फळीचा प्रश्न चंदनबाईंनी सोडवला. मागच्या खोलीचं जुनं सागवानी दार चौकटीसकट भिंतीला टेकून उभं होतं. त्यांनी दोन गडी बोलावून ते माझ्या खोलीत विटांवर आडवं टाकून घेतलं, वर सतरंजी. दोन फळ्यांचं दार, आतली बाजू खाली. आतून लावलेली कडी अजून तशीच आहे. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, राहू द्या, त्यानं मजबुती राहते. शेजारच्या द्रौपदाबाई डबा देणार आहेत, पण त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, माहेरी पिंपळनेरला गेल्यात. तोवर बाईंच्या हातचे फुलके. चैन आहे.

हे उताणं निजूनच लिहितोय. शाईचा पेन उलटा चालत नाही, म्हणून शिसपेन्सिल.

२ मे

दुपारी कंबर फार ठणकली. ऊन असं की कावळासुद्धा ओरडेना. कंटाळा आला या दुखण्याचा. वैतागून दारावर बुक्की मारली. जरा वेळानं खालून, नेमकं दुखऱ्या जागी, धप्प्‌ बसलं. कट्‌ वाजलं आणि दुखणं गेलं. अगदी गेलं! तासभर अंगणात ताठ चाललो. उन्हानं लाकूड उललं असणार.

६ मे

लाकूड रोज दुपारी उलत नाही. मी बुक्की मारली तरच बसते. टाच आहे ती. टाच कळते माणसाला. वाकून खाली बघावं तर वाकायची बंदी, आणि खरं सांगायचं तर बघायचंही नाही. बरं वाटतंय. किती दिवसांनी पायजमा कुणाच्या मदतीशिवाय चढवला.

आज लोभ सुटला, पुन्हा बुक्की मारली. या खेपेला वेळ लागला. आधी खालून उसासा ऐकू आला. दमलेल्या बाईचा.

११ मे

पायांना मुंग्या येतात. टांगा करून डॉक्टरांकडे गेलो, नवा फोटो काढला. मणका आणखी पुढे गेलाय. कोण लाथा घालतंय, असं त्यांनी चिडून विचारलं. अजून धक्का बसला तर पाय जातील, म्हणाले.

घरी येऊन चंदनबाईंना विचारलं, हे दार कुणाच्या खोलीचं? त्यांनी पदर पुढे ओढला. संध्याकाळी त्या जळगावला भावाकडे निघून गेल्या.

१४ मे

द्रौपदाबाई आल्या. दार बघितलं आणि डबा हातातून पडला. "मास्तर, ते दार धनकुंवरनं शे! उठा तठून!"

ते धनकुंवरचं दार. धनकुंवर म्हणजे चंदनबाईंची सून. पायाळू. कंबर धरलेल्यांची अंगणात रांग लागायची. ती पोटुशी होती, पाय सुजले होते, तरी सासू उठवायची. आलेल्याला नाही म्हणायचं नाही, पुण्य लागतं. एका दुपारी तिनं आतून कडी लावून घेतली. घटकाभर निजू द्या, म्हणाली. लोक दार वाजवत राहिले. कडी निघाली नाही. शेवटी गवंड्यानं भिंत फोडून चौकटच काढली, तेव्हा ती दारामागे मरून पडली होती.

आणि मी रोज वाजवतोय.

१६ मे

दुसरी फळी नाही, म्हणून इथंच निजतोय. वाजवायचं नाही ठरवलं होतं. पण कळ अशी की दात खाल्ले तरी — जून जवळ आला. आधी तिची माफी मागितली. मग वाजवलं. एकदाच.

१७ मे

कमरेखाली काही नाही. चिमटा काढला, दुसऱ्याच्या मांडीला काढल्यासारखा.

मी वाजवत नाही, तरी खालून धप्प्‌, धप्प्‌. ऐकू येतं. लागत नाही. भीती वाटते, रडू येतं, आणि फार थकवा —

१८ मे, दुपार

द्रौपदाबाई मला उचलायला माणसं आणायला गेल्यात. झळा येतात म्हणून जाताना खोलीचं दार ओढून घेतलं, तर आतली खिटी आपोआप पडली. मला उठून काढता येणार नाही. खाली शांत आहे. निजली असेल. निजा, बाई. मी नाही —

माणसं आली. दार वाजवतायत. "मास्तर, दार उघडा!"

अहो, वाजवू नका. मी ओरडतोय, त्यांना ऐकू — बुक्क्या मारतायत. सगळे मिळून. नका ना — ती निजली होती —

खाली कडी वाजली. काढतेय.

पाठीखालची फट — सतरंजी वर येतेय — पाय. आधी पाय. दुसरं कसं येणार ती — सुजलेले, बोटांत जोडवी —

सरका म्हणते. मला निजायचंय, सरका. सरकता येत नाही हो, बाई, तुमच्याच लाथेनं —