मैदानाची अर्धी चक्कर

मंगळवार संध्याकाळ, अमरावती

नाईक संजय आज रजा संपवून अकोल्याहून चार तास उशिरा आला. लेखी कारवाई केली असती तर त्याच्या रेकॉर्डवर डाग राहिला असता. एवढ्याशा गोष्टीसाठी काय लिहायचं? आमच्या युनिटची रीत साधी आहे. चारचौघांत बोलायचं नाही, बाजूला घेऊन मैदानाची एक चक्कर मारायची. तो हातातली पिशवीही न ठेवता सोबत निघाला.

"काहून बे, कुठं अडकला होता?"

"साहेब, मायनं उठूच देलं नाही. अजून एक भाकर खाय म्हणे. मंग बस गेली."

मी नायब सुभेदार, सुनावणं भाग होतं. सुनावलं. "बावीस वर्षं झाली नोकरीले, मले एकदाही उशीर झाला नाही."

त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुमाले घरी कोणी थांबवत नाही काय, साहेब?"

उद्धटपणा नव्हता त्यात, खरंच विचारत होता. "पुढच्या वेळी आधीची बस धर," एवढंच म्हणालो आणि अर्ध्या चक्करीतूनच वळलो. जाताना त्याने पिशवीतून भाकर काढून दिली. मायनं बांधून दिलेली.

चूक त्याची होती ना? मग अर्ध्यातून मी का वळलो?

आई गेल्यापासून मूर्तिजापूरच्या घराला कुलूप आहे. रजेत जातो, झाडून घेतो, ओट्यावर बसतो. संजयची भाकर अजून इथे समोर कागदात तशीच आहे. दर वेळी मी रजा संपायच्या एक दिवस आधीच परत येतो, हे काही त्याला सांगितलं नाही.