खुब्याची ठेवण

प्रिय ताई,

उभ्यानेच नमस्कार. साष्टांग घालायला खुब्यातून वाकावं लागतं आणि मी कालपर्यंत खुबा जपत होते, म्हणून तूर्त एवढ्यावर भागव. तुझा खोकला ओसरला असेल. इकडे सगळे बरे. मी तर इतकी बरी आहे की त्याचाच घोळ झाला.

गेल्या पत्रात मी डोंगरावरचा बेत रद्द असं एका ओळीत कळवलं आणि तू ‘बरं’ असं त्याहून छोटं उत्तर धाडलंस. ते ‘बरं’ मला टोचलं. भावजी गेल्यापासून तू पहिल्यांदा कुठेतरी जायचं म्हणालीस, आणि मीच पाय मागे घेतला. त्या पायाचीच ही हकीकत.

आमच्या खालच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर राहतात (घरात आम्ही त्यांना ‘सांगाडा’ म्हणतो, आहेत चांगले गुटगुटीत). त्यांना अभ्यासासाठी चाळिशीपुढची, खुबा कधीच न दुखलेली माणसं हवी होती. जिन्यात मला दोन-दोन पायऱ्या एकदम चढताना बघून त्यांनी विचारलं. निरोगी म्हणून आजवर माझी कोणी निवड केली नव्हती, त्यामुळे मी ठेवणीतले कपडे घालून त्यांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला गेले. तिथल्या बाईंनी ते लगेच उतरवायला लावून मागे बांधायचा झगा दिला. पाय आत वळवा, गुडघा बाहेर टाका, हलू नका. लग्नातही माझे एवढे फोटो निघाले नव्हते.

मग कागद आला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा पुरता गोल नाही, त्या गोळ्याखालच्या हाडाच्या मानेपाशी उंचवटा आहे, पाय पोटाशी घेताना तो खोबणीच्या कडेवर अडू शकतो. खाली लिहिलं होतं, ‘लक्षणे: नाहीत’. सासूबाईंनी चष्मा लावून तेवढी शेवटची ओळ वाचली आणि म्हणाल्या, “हे मी लग्नापासून सांगतेय. कागदावर आत्ता आलं.” हे पेपराआड गंभीर होते (पेपर मात्र हलत होता).

दुसऱ्या दिवसापासून मी जपायला लागले. बालवाडीत मुलांच्या गोलात जमिनीवर बसायचं सोडून खुर्ची मागवली. गोष्टीत राक्षस आला तरी मुलं माझ्या चपलांकडेच बघत होती. शेवटी एका चिमुरडीने विचारलं, “बाई, तुम्ही आमच्यावर रुसलात?” घरी तर मी लंगडायलाच लागले. “कुठला पाय?” ह्यांनी विचारलं. उजवा, म्हटलं. “सकाळी डाव्याने लंगडत होतीस.” उंचवटा दोन्हीकडे आहे, असं मी ठणकावलं, पण ते माझं मलाच पुरेसं वाटेना. दिवसभर मी त्या हाडाकडे कान लावून बसायचे. बिचाऱ्याने आजवर कधी हूं की चूं केलं नव्हतं.

शेवटी काल खाली गेले. डॉक्टर म्हणाले, “दुखतं तिथे बोट ठेवा.” बोट कमरेभोवती फिरून आलं, टेकलं कुठेच नाही. “अहो, सगळ्यांची नाकं कुठे सारखी असतात? खुब्यांचंही तसंच. न दुखणाऱ्या कितीतरी जणांचा असाच निघाला. त्याला आजार कशाला म्हणता, ठेवण म्हणा. दुखलं तर या.”

“जमिनीवर बसू?”

“इतकी वर्षं कोणाला विचारून बसत होतात?”

एवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “ह्यांचाही तसाच निघालाय. आठवडाभर मोजा घालायला मला बोलावत होते.” डॉक्टर एकदम चहा घेणार का विचारू लागले.

आज मी मुलांत मांडी घालून बसले. राक्षसाला पुन्हा मान मिळाला.

तुझी,
धाकटी

ता. क. ती डोंगरावरची खोली तू सोडली नसशील ना? सोडली असशील तर पुन्हा घे. खिडकीकडची खाट तुझी. मी पायामुळे नाही म्हटलं नव्हतं, ताई. अर्ध्या वाटेत मीच बसले तर तुला एकटीला पुढे जावं लागेल, याची भीती वाटली. एकटीने जायची तुला आता आणखी सवय लागायला नको.

आणखी एक. ही ठेवण कधीकधी घराण्यात असते म्हणे, म्हणून डॉक्टरांना सख्ख्या बहिणीचाही फोटो हवाय. मी तुझ्या वतीने हो म्हणून बसले आहे. पण आधी डोंगर. फोटो खाली उतरल्यावर.