मास्तरचा ब्रेक

३ जून
एकाच पायात चप्पल घेऊन घरी आलो. दुसरी वाटेत पायातून निसटली म्हणे, आणि मला पत्ता नाही! काहीतरीच. कुणीतरी काढून घेतली. संशय: माझ्या क्लासच्या वाईटावर असलेला, चौकापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा हसऱ्या. त्याचे सगळे विद्यार्थी पास होतात आणि वर तो हसतो.
संकल्प: उद्यापासून सँडल. पट्टा आवळून.

६ जून
घरातली फरशी मऊ लागते. गादीवरून चालल्यासारखी. हिने काहीतरी पॉलिश फासलंय आणि कबूल करत नाही. म्हणते, अहो, फरशी तीच आहे, पायांना मुंग्या येतात ना, मग डॉक्टरांना दाखवा. एकदा बोललो, तर धरूनच बसली! मुंग्या म्हणजे गॅस. साखरेची गोळी चालूच आहे, ॲसिडिटीचीही कित्येक वर्षं मनानेच घेतो. आजपासून एकाच्या दोन. डॉक्टर मागे रक्त तपासा म्हणाले होते. लॅबवाल्याशी साटंलोटं असणार.

१० जून
क्लासच्या गाडीतला माझ्या बाजूचा जादा ब्रेक, म्हणजे मास्तरचा ब्रेक, बिघडलाय. दाबला की नाही तेच कळत नाही. गॅरेजवाल्याने तपासून सांगितलं, मास्तर, ब्रेक ठणठणीत आहे. सांगताना बघत होता माझ्या पायांकडे. गाडी सोडून पायांकडे! नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

११ जून, संध्याकाळ
ही रोज या वेळी जाते कुठे? मैत्रिणीकडे, म्हणते. आज हसऱ्याच्या गल्लीतून येताना दिसली. घामाघूम, वर खुशीत. मैत्रिणीकडे कोण घामाघूम होतं? मागे गाडी शिकवा म्हणत होती. तेव्हाच सांगितलं, तुला जमायचं नाही.

१५ जून
बँकेतून रिटायर झालेल्या मावशींचा क्लास. उतारावर एक रंगारी शिडी घेऊन आडवा आला. मी सगळी ताकद लावून ब्रेक दाबला. गाडी थांबेना! शेवटी मावशींनीच ब्रेक मारला. शिडी बॉनेटला टेकली. मावशी म्हणाल्या, मास्तर, तुमचा पाय ब्रेकवर नव्हताच, शेजारी होता. वयाने दिसत नसेल त्यांना. आणि ब्रेक मारायला शिकवलं कुणी? मीच ना?
रंगाऱ्याचा चेहरा मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.
संकल्प: गॅरेज बदलणे.

१६ जून
मावशींनी हिला फोन केला. चोंबडेपणा! हिने लॅबवाल्यालाच घरी बोलावलं. रक्त तपासणीला गेलं.

१९ जून
दवाखान्यात गेलो. क्लासची गाडी हिने चालवली! हसऱ्याकडे शिकली, लायसन्ससुद्धा काढलं. म्हणाली, तुमचे पाय मी बघत होते ना, न शिकून करते काय? अस्तनीतला निखारा! (गिअर मात्र सुरेख टाकते.)
डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले. म्हणाले, टोचलं की सांगा. मी थांबलो. बराच थांबलो. शेवटी म्हटलं, टोचा की, नाटकं कशाला? म्हणाले, टोचून झालं. डोळे उघडले तर पायाच्या अंगठ्यावर रक्ताचा ठिपका. घाबरलो. खरंच घाबरलो.
रिपोर्टमध्ये बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन पार तळाला. साखरेची आणि ॲसिडिटीची, दोन्ही गोळ्यांनी मिळून ते अंगी लागू दिलं नाही, म्हणून पायांच्या नसा दुबळ्या झाल्या, असं डॉक्टरांचं म्हणणं. सगळ्या जगावर संशय घेतला, या दोन गोळ्या तेवढ्या सुटल्या! ॲसिडिटीची गोळी बंद. एक इंजेक्शन तिथेच दिलं, बाकीची हिने मेडिकलमधून घेतली. पायांना नीट कळू लागेपर्यंत क्लास बंद. ही जोखीम शिडीवाल्यांनी का घ्यायची, असं डॉक्टरांनी विचारलं.
येताना मी आपल्या, मास्तरच्या जागेवर. प्रत्येक वळणावर ब्रेक दाबून हिला सांभाळलं. घरासमोर पोचल्यावर म्हटलं, बरी चालवतेस, पण खाली माझा पाय होता म्हणून सुखरूप आलो.
हिने वाकून बघितलं. म्हणाली, अहो, तुमचा पाय माझ्या पर्सवर आहे.
इंजेक्शनं पर्समध्ये होती. काचेची असतात.