बाबांचा आवाज बारीक करण्याची मोहीम

८ मे २०१६, रविवार
विद्यानगरच्या घरी, हॉलमध्ये आवाज वाढवणारा पॉवर ॲम्प विराजमान. प्रीॲम्प, कॅसेट डेक आणि स्पीकर आधीच होते. आता बाबांची कॅसेट खऱ्या अर्थाने ऐकता येईल. विहारात म्हटलेली वंदना आणि दोन गाणी. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज एवढाच उरलाय. आईला शब्द दिला, बुद्धपौर्णिमेला ऐकवतो. बाबांचा जुना टू-इन-वन, रेडिओ-कॅसेट एकत्र असलेला, खालच्या मजल्यावरच्या अप्पारावांना देऊन टाकला. एका घरात दोन सिस्टिम शोभत नाहीत. आईने पदराने त्याच्यावरची धूळ पुसून दिली. म्हणजे पटलं.

९ मे
नॉब केसभर फिरवला आणि बाबा गरजले. आईने कानांवर हात ठेवले, बारीक कर की रं म्हणाली. बारीक केलं तर बाबा गायबच. मधलं काही नाही. शिवाय स्पीकर सतत सूंऽऽ करतो. आईला सांगितलं, पॉवर आहे त्याच्यात.

११ मे
आबिड्सच्या बाजारातला ऑडिओवाला म्हणाला, प्रीॲम्पबी चढारा, पॉवर ॲम्पबी चढारा, गेन ज्यादा हो गया साब, बीच में अटेन्यूएटर डालो. म्हणजे वायरीत बसवायची बोटभर नळी, सिग्नल कमी करणारी. एवढी ताकद घ्यायची आणि ती कमी करायला पुन्हा वस्तू घ्यायची? हसून परत आलो. हसू घरापर्यंत टिकलं नाही.

१४ मे
स्वतःचा उपाय. आईची वाकळ स्पीकरवर टाकली. बाबांच्या धोतरांची तिनेच शिवलेली. बाबा वाकळीतूनही ओरडतात, फक्त शब्द कळत नाहीत. तारामतीने विचारलं, मामंजींना सर्दी झाली का? बायकोला ऑडिओतलं कळत नाही. वाकळ राहू दिली, सूंऽऽ जरा दबते. आई चादर पांघरून झोपली. मे महिन्यात वाकळ लागतेच कुठे.

२१ मे, बुद्धपौर्णिमा
आई पांढरी साडी नेसून स्पीकरसमोर बसली. नॉबला हात लावायचा धीर झाला नाही. सांगितलं, अटेन्यूएटर मागवलाय, आला की लावतो. (मागवलेला नाही.) आई बरं म्हणाली. ती नुसतं बरं म्हणते तेव्हा फार लागतं. खीर दोनदा घेतली, तिला वाईट वाटू नये म्हणून.

२२ मे
मागवला. म्हणजे काल अगदीच खोटं बोललो असं नाही.

३ जून
आई हल्ली रोज दुपारी खाली जाते. अप्पारावांच्या बायकोचं, पद्मावतीबाईंचं, कैरीचं आवकाय लोणचं चाललं असणार. बरंय, वेळ जातो. माझ्यावरचा भारही उतरतो.

१२ जून, रविवार
अटेन्यूएटर बसवला. सूंऽऽ बंद! स्पीकरवरची वाकळ घडी करून कपाटात टाकली. नॉब अर्ध्यावर आणला तरी दुसरी एक कॅसेट मंद, स्वच्छ. आईला हाक मारणार, तर बाबांची कॅसेट जागेवर नाही. खाली गेलो. दार उघडंच होतं. आई टू-इन-वनला कान लावून बसली होती. बाबा हळू गात होते. पद्मावतीबाई लसूण सोलत होत्या. मी हाक न मारता वर आलो. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून. दुसरं काही नाही.

२६ जून, रविवार
आंध्रातून आमचं राज्य वेगळं झाल्यापासून टळत आलेली अप्पारावांची बदली शेवटी झाली. ऑफिस आंध्रात चाललं. ट्रक भरताना ते टू-इन-वन घेऊन वर आले. म्हणाले, अम्मा रोज सुनते, ये इधरीच रखो.
संध्याकाळी आईला आग्रहाने सोफ्यावर बसवलं आणि कॅसेट माझ्या सिस्टिमवर लावली. हळू, स्वच्छ, एकही खोट नाही. एक गाणं तिने ऐकलं. छान आहे म्हणाली, पण यात ते स्टेजवर असल्यागत वाटतात, त्याच्यात उशाशी बसल्यागत.
कॅसेट काढून तिच्या हातात दिली. टू-इन-वन तिच्या उशाशी लावून दिला.
मग तिने वाकळ मागितली.